उन्हाळ्याच्या सुट्टीतील दुपारी मुलांना घरात कसे रमवावे?

दुसरा_मजला
नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरी भागात राहतो. घरात नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि माझे सासू-सासरे असतात. आम्ही दोघेही नोकरीसाठी सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळी सहाच्या पुढे परततो. मुलांची सकाळ खाली खेळण्यात आणि संध्याकाळ बागेत छान जाते. प्रश्न आहे तो दुपारी बारा ते पाच या वेळेचा. मे महिन्याच्या उन्हात मुलांना बाहेर सोडता येत नाही, आमच्या भागातील उन्हाळी शिबिरे सकाळीच आटोपतात, आणि घरात बसल्यावर तासाभरात एक तर भांडण होते किंवा मोबाइल हातात येतो.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना वारंवार उठावे लागणार नाही असे काही मला हवे आहे. मुलांना ती दुसरी शाळाही वाटू नये. ‘सुट्टीसाठी पन्नास कल्पना’ या प्रकारच्या याद्या मी वाचल्या आहेत. त्यांतील निम्म्या कल्पनांना रंगीत कागद व गोंद लागतो आणि उरलेल्या निम्म्यांना आईची रजा लागते. आपापल्या घरात प्रत्यक्ष काय चालले, ते कृपया सांगावे.

तांबडा_पांढरा
आमच्या घरी यावर एकच उपाय होता. जेवणे झाली की आजोबा सोप्याच्या दाराला आतून कडी घालत आणि त्याच दारात घोंगडे टाकून झोपत. पुढचे आमचे आम्ही बघायचे, असा त्याचा अर्थ होता.

गजगा
ताई, पत्त्यांचा एक कॅट आणि कॅरम बोर्ड एवढ्यावर माझ्या भाचरांच्या सुट्ट्या पार पडल्या आहेत, आणि दोन्ही खेळ बसून खेळायचे असल्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. मात्र कोणता डाव कोणासाठी, हे नीट ठरवावे लागते. पाच वर्षांच्या मुलासाठी भिकार-सावकार उत्तम, कारण त्यात कौशल्य काहीच लागत नाही आणि आजीला हरवल्याचे समाधान मात्र पुरेपूर मिळते. मुलीला सासऱ्यांनी सात-आठ शिकवावे. त्यात ३० पाने, दोनच खेळाडू, आणि एकाने सात तर दुसऱ्याने आठ हात करायचे असल्यामुळे हुकूम बोलताना विचार करावाच लागतो. तिसरे कोणी मिळाले तर त्याच ३० पानांत पाच-तीन-दोन होते, आणि मागच्या डावात ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून पाने ओढण्याची मजा मोठ्यांनाही सोडवत नाही. शेजारचे कोणी येऊन चौघे जमले की मेंढीकोट मांडावे.

बदाम सात खेळणार असाल तर पान अडवून धरण्याचा नियम आधीच ठरवून घ्यावा. आमच्याकडे त्यावरून मावस भावंडांत अबोला झाला होता.

तांबडा_पांढरा
त्यात ठरवायचे काय आहे? लागणारे दुसरे पान हातात असेल तर हवे ते अडवावे. एकच पान लागत असेल तर ते मुकाट्याने टाकावे. अडवायचेच नसेल तर बदाम सात खेळण्यात अर्थ काय उरतो?

मंगळवारपेठेतील_आजोबा
हा प्रश्न वाचून मला थोडे नवल वाटले. आमच्या लहानपणी मुलांना रमवणे हे कोणाचे काम नव्हते. परड्यात चिंचेचे झाड होते, गल्लीत वीस पोरे होती, विट्टी-दांडू, गोट्या, भोवरे होते, आणि चिंध्यांच्या बोळ्यावर सुतळी गुंडाळून केलेला फुटबॉल होता. आजची मुले कंटाळतात, कारण त्यांच्यापुढे सतत काहीतरी वाढून ठेवलेले असते आणि ते संपले की त्यांना पुढचे हवे असते. त्यांना मोकळे सोडावे, ती आपले आपण शोधतील.

उंबरठा
आजोबा, आदर राखून मतभेद नोंदवते. ती मुले आपली आपण रमत होती असे घरातील पुरुषमंडळींना वाटते, कारण दुपारी ती मंडळी एक तर कामावर असत किंवा झोपलेली असत. माझ्या आजोळी, कागलला, सुट्टीत नातवंडांचा गोतावळा जमत असे आणि मामी, मावशी किंवा आजी यांपैकी कोणीतरी एक कायम जागी असे. कोणाचा गुडघा फुटला, कोण कोणाला चावले, कोण विहिरीच्या वाटेला लागले, हे सगळे तिच्या कानांवर असे. त्या कामाला नाव नव्हते, म्हणून ते काम कोणाला दिसले नाही. दुसऱ्या मजल्यावरील घरात एक आजी, तिचे दुखरे गुडघे आणि दोन मुले असतील, तर ‘मोकळे सोडा’ म्हणजे नेमके कोठे सोडा, हेही आपण सांगावे.

मंगळवारपेठेतील_आजोबा
विहिरीचा मुद्दा मान्य आहे. कंटाळ्याविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

फळा_खडू
मी प्राथमिक शाळेत शिकवते. आजोबांचे कंटाळ्याविषयीचे म्हणणे आणि उंबरठा यांचे राखणीविषयीचे म्हणणे, ही दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्या मुलाला लगेच एखादा उद्योग काढून दिला की ते मूल दहा मिनिटांनी पुन्हा तेच सांगत येते. उत्तर देण्याची घाई केली नाही, तर थोडी धुसफूस होते आणि मग कपाटातील चादर ओढून दोन खुर्च्यांवर तंबू उभा राहतो. परंतु ती चादर ओढण्याची परवानगी आधी दिलेली असावी लागते. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत मुलांना खेळणी कमी पडत नाहीत. कोणी रागावणार नाही अशा वस्तू कमी पडतात. पुठ्ठ्याची मोठी खोकी, सुतळी, जुन्या साड्या, कपड्यांचे चिमटे, बिघडलेले घड्याळ, मोजपट्टी असे सामान एका कोपऱ्यात ठेवावे आणि पाच वाजता पसारा मुलांनीच आवरावा. मधल्या काळात त्या कोपऱ्याकडे मोठ्यांनी शक्यतो पाहू नये.

याखेरीज, मुलांना घरातील खरे काम द्यावे. लुटुपुटीचे काम त्यांना लगेच ओळखू येते. या दिवसांत आपल्याकडे घरोघर वर्षाची चटणी होते. तिच्यासाठी लसूण सोलणे, धने निवडणे, तीळ पाखडलेले असतील तर त्यांतील खडे वेचणे ही कामे बसून होतात, आजीच्या बरोबरीने गप्पा मारत होतात, आणि त्यांचे फळ वर्षभर ताटात दिसते. माझ्या वर्गातील एक मुलगी जूनमध्ये डबा उघडून ‘या भाजीतला लसूण माझा आहे’ असे मैत्रिणींना सांगत असे.

चटणीवाली
लसूण आणि धने ठीक आहेत, परंतु मिरचीची देठे खुडायला मुलांना अजिबात बसवू नये. जवारी असो की ब्याडगी, तो हात नकळत डोळ्याला लागतोच. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून हात नुसते पाण्याने धुऊन भागत नाही. आधी तेल चोळून मग साबण लावावा लागतो, आणि हे सारे रडणाऱ्या मुलाबरोबर करावे लागते. लसूणही फार वेळ सोलला की कोवळ्या बोटांची आग होते. पाकळ्या आधी थोडा वेळ पाण्यात भिजवल्या तर सालही सहज निघते.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावे लागते. आमच्याकडे ते काम मुलांकडे असते आणि तिसऱ्या दिवशी तो वास कोण जास्त वेळ सहन करतो यावर पैज लागते. चीक शिजला की पहिली वाटी त्यांची. सोऱ्या दाबणे त्यांच्या ताकदीबाहेरचे आहे. वाळवणाची राखण सकाळी दहापर्यंतच करू द्यावी. त्यानंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही, तेव्हा कावळ्यांचा वाटा कावळ्यांना जाऊ द्यावा.

सावलीमापक
सर्वजण उन्हाला शत्रू समजून लिहीत आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्यांना हे कडक ऊनच लागते.

पहिली गोष्ट घरात बसून करायची आहे. रस्त्याच्या बाजूची, समोर भरपूर ऊन पडलेली खोली निवडावी. खिडक्या जाड पुठ्ठ्याने आणि काळ्या कागदाने पूर्ण बंद कराव्यात. दाराच्या फटीतही कापड कोंबावे. पुठ्ठ्याला साधारण एक सेंटिमीटरचे गोल भोक पाडावे आणि समोरच्या भिंतीवर पांढरी चादर लावून अंधारात काही मिनिटे शांत बसावे. डोळे सरावले की बाहेरचा रस्ता, समोरची इमारत, जाणारी-येणारी माणसे चादरीवर रंगांसह उलटी दिसू लागतात. भोक मोठे केले की चित्र उजळ होते परंतु अस्पष्ट होते. लहान केले की रेखीव होते परंतु अंधुक होते. हे मुलांना सांगू नये, त्यांना पुठ्ठ्याचे वेगवेगळे तुकडे देऊन पाहू द्यावे. भोकाला डोळा लावून सूर्याकडे पाहायचे नाही, एवढा एकच नियम कडक ठेवावा. बाबुराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा याच कोल्हापुरात स्वतः खटपट करून तयार केला आणि येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. चादरीवर रस्ता हलताना पाहिल्यावर मुलांना ती हकिकत सांगावी. तेव्हा ती ऐकतात.

दुसरी गोष्ट सावलीची. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ६ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली डब्याखालीच नाहीशी होते. घड्याळात बारा वाजता मात्र हे दिसत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, आपण त्याच्या पश्चिमेला जवळजवळ ७४.२ अंशांवर आहोत, आणि दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली खरी मध्यान्ह बारा वाजून अर्ध्या तासाच्या सुमारास होते. त्या वेळी पाच मिनिटे टोपी घालून आजोबांबरोबर गच्चीवर जाणे कोणालाही जमेल. त्याआधी मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते आणि त्यानंतर ती दक्षिणेकडे पडू लागते. खडूने रोज खूण केली तर ते स्पष्ट दिसते. पुण्याला हाच दिवस साधारण आठवडाभराने येतो, म्हणून तेथे आत्ये-मामेभावंडे असतील तर दूरध्वनीवर ताळा करता येतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, परंतु त्या दिवसांत कोल्हापुरात तो दिसेल याची हमी कोणी देऊ नये.

पंचगंगाकाठ
खोलीच्या कॅमेऱ्याचा प्रयोग आज दुपारी करून पाहिला. भिंतीवर रिक्षा उलटी धावली आणि माझ्या मुलाने तीच रिक्षा सरळ दिसावी म्हणून उरलेली दुपार पलंगावर डोके खाली व पाय वर करून काढली. पंखा लावल्याशिवाय त्या बंद खोलीत बसवत नाही आणि पंख्याच्या वाऱ्याने चादर हलते, एवढी एक अडचण आहे. चादरीला खाली चिमटे लावून वजन द्यावे.

नुक्कड
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन तास दूरचित्रवाणी पाहिल्याने काय बिघडते? आम्हीही पाहिली आणि आमचे काही वाईट झाले नाही. नोकरी करणाऱ्या आईवर आणखी अपराधाचे ओझे टाकू नये, असे मला वाटते.

औषधपाणी
मी मुलांचा डॉक्टर आहे. ओझे टाकू नये, हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडद्याकडे पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी तर अधिक चांगले, अशी आहे. ताईंचा मुलगा नुकताच त्या वयातून बाहेर आला आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत मी फार ढील देणार नाही. कोणत्या वेळी आणि कशासाठी पडदा लागतो, हेही पाहावे. भांडण थांबवण्यासाठी मोबाइल दिला की मुलांना भांडणाचा उपयोग कळतो. त्यापेक्षा वेळ ठरलेली असावी आणि मोठ्या पडद्यावर सर्वांनी मिळून पाहावे. तेव्हा आजीलाही विश्रांती मिळते.

संध्याकाळचे मैदान कोणत्याही कारणाने बुडवू नये. लहान वयात बाहेरच्या उजेडात पुरेसा वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये दूरचे न दिसण्याचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. दुपारी खेळाच्या नादात मुले पाणी पीत नाहीत, म्हणून तांब्या-भांडे त्यांच्या हाताशी ठेवावे.

मधली_खोली
मी स्वतः आजी आहे आणि दोन नातवंडे दिवसभर माझ्याजवळ असतात. येथे सर्वांनी मुलांचा विचार केला. आजीच्या दुपारच्या झोपेचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. पहाटे पाचला उठलेल्या बाईला दोन ते साडेतीन आडवे व्हावेच लागते, आणि ते झाले नाही तर संध्याकाळी चिडचिड कोणावर निघते हे सांगायला नको. आमच्या घरी दोन वाजता ‘गुपचूप वेळ’ सुरू होते. त्या वेळी झोपलेच पाहिजे असे नाही, परंतु ज्याचा आवाज होतो ते काही करायचे नाही. कॅरम बंद, पत्ते बंद, तंबू चालू. थोरली वाचते, धाकटा शाडूचे बैल करतो. शाडू मी बापट कॅम्पमधील कुंभारांकडून आणवते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की बरेच दिवस मऊ राहतो आणि वाळलेले बैल पाण्यात टाकले की पुन्हा माती तयार. खाली जुने पोते अंथरावे, म्हणजे फरशी पुसावी लागत नाही.

चार वाजता मुलांना भूक लागते. तेव्हा गॅस न लावता होणारा कच्चा चिवडा थोरली स्वतः करते. चुरमुरे, शेंगदाणे, डाळे, कच्चे तेल, मीठ, कांदा-लसूण चटणी, एवढेच त्यात असते. कांदा मी आधीच चिरून ठेवते. तिचा चिवडा माझ्यापेक्षा तिखट असतो, परंतु ताईने केलेला असल्यामुळे धाकटाही नाक पुसत खातो.

उंबरठा
आजी, गुपचूप वेळेची कल्पना फार आवडली. घरातील सर्वांच्या दुपारी एकाच घड्याळावर बसवणे, हेच येथे खरे काम आहे असे वाटू लागले आहे.

दुसरा_मजला
सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी सासूबाईंना वाचून दाखवला. गुपचूप वेळ त्यांनी तत्काळ मंजूर केली आणि त्या वेळेत सासरेबुवांनी आकाशवाणी लावायची नाही, असे पोटकलमही जोडले. लसूण या आठवड्यात येईल. खोलीचा कॅमेरा रविवारी आम्ही घरी असताना करणार आहोत.

माझी मूळ अडचण मात्र एका ठिकाणी शिल्लक आहे. नऊ आणि पाच या वयांमुळे दोघांना एकत्र काही करता येत नाही. ती नियम सांगते, तो पाने उधळतो; तो हरला की रडतो आणि तिला ‘मोठी आहेस, सोड’ असे सगळेच सांगतात. तिचेही बरोबर आहे की सुट्टी तिचीसुद्धा आहे.

गजगा
यासाठी आपल्याकडे कच्चा लिंबू आहेच की! धाकट्याला डावात घ्यावे, परंतु त्याचा राज्य घेण्याचा हिशेब धरू नये. पत्त्यांत तो आजीच्या मांडीवर बसून तिची पाने धरेल. कॅरममध्ये सोंगट्या रचणे आणि पावडर टाकणे हे त्याचे खाते. पावडरचा डबा मात्र आजीच्या ताब्यात असावा.

फळा_खडू
कच्चा लिंबू तासाभरासाठी ठीक आहे, रोज पाच तासांसाठी नाही. दिवसातून काही वेळ दोघांना मुद्दाम वेगळे करावे. थोरलीला असा एखादा कोपरा किंवा कपाटाचा खण द्यावा, जेथे धाकट्याला हात लावण्याची परवानगी नसेल. तिचे मोठेपण केवळ सोडून देण्यात जाऊ नये. तिने आजोबांना मोठ्याने वाचून दाखवणे हा एक उत्तम तोडगा आहे, कारण धाकटा आपोआप येऊन ऐकत बसतो आणि कोणी कोणाला सांभाळल्यासारखे होत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. त्यांतील गोष्टी कागदावर छापून द्याव्यात, नाहीतर वाचनाच्या निमित्ताने मोबाइल परत येईल.

पंचगंगाकाठ
वाचनाची गोडी लागली तर करवीर नगर वाचन मंदिराचे सभासदत्व पाहावे. १८५० पासूनचे ग्रंथालय आहे, आणि आजोबांना संध्याकाळी नातीबरोबर बाहेर पडायला निमित्तही होते.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपार नेहमी कोरडी जात नाही. तीन-चारच्या सुमारास वळीव येतो आणि मुले खिडकीला चिकटतात. सरळ उभ्या बाजूंचा स्टीलचा डबा आभाळ भरण्याआधी गच्चीत मोकळ्या जागी ठेवावा आणि पाऊस पूर्ण थांबल्यावर आत मोजपट्टी उभी करून पाणी मोजावे. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणून १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला तर १००० लिटर पाणी पडले, हे मुलीला स्वतः काढू द्यावे. पाच वर्षांच्या मुलाने पाऊस येताना ढगाचे चित्र काढावे. त्याचे चित्र आणि तिचा आकडा एकाच वहीत, एकाच पानावर असावा. गडगडाट ऐकू आला की गच्चीवर कोणीही जायचे नाही, डबा उडून गेला तरी नाही.

मधली_खोली
डबा कोणता घ्यायचा, हे मात्र आधी सासूबाईंना विचारावे. माझा शेवयांचा डबा गेले दोन पावसाळे असाच गच्चीत आहे.